भिंतीवरलं विरजण

शालन मोहितेचं दुकान बंद पडलं तेव्हा ती गच्चीवर मिरच्या उलटत होती. दुकान म्हणजे काही शटरबिटर नव्हे, मोबाइलमधलं दुकान. विट्याच्या गल्लीत बसून भरलेल्या तिच्या सांडग्या मिरच्या पार गुवाहाटीपर्यंत जायच्या, आणि तिकडची माणसं पाच चांदण्या देऊन काहीबाही गोड लिहायची. मोबाइल वाजला तसा तिनं पदराला हात पुसून बघितलं. ‘हातछाप तपासणीत आपले खाते व अन्य एक खाते एकाच हाताचे आढळले आहे. विक्री स्थगित. सुनावणीस हजर राहावे.’

अन्य खातं कुणाचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गच्चीच्या मधोमध कमरेएवढी भिंत होती, आणि भिंतीपलीकडं तिच्या धाकट्या जावेचा, सुगंधाचाही मोबाइल त्याच घडीला वाजला होता. दोघींनी एकदम वर बघितलं. मग दोघींनी एकदम नजर फिरवली, कारण दोघींचं बोलणं कितीतरी वर्षांपासून बंद होतं.

भांडणाचं कारण मिरचीच. दोघींचे नवरे, दोन्ही भाऊ, गेले, दोघी जावा हातावर पोट घेऊन उरल्या. दोघींना मूलबाळ नाही. आधी शालननं दुकान काढलं. ते चाललंय असं दिसल्यावर सुगंधानंही काढलं, तेही तसल्याच मिरच्यांचं, तसल्याच पितळी ताटातला फोटो लावून. ‘माझ्या पोटावर पाय दिला,’ असं शालन गल्लीभर सांगत सुटली आणि सुगंधानं ते ऐकलं. तेव्हापासून भिंत होती त्याहून उंच झाली.

पण एक गोष्ट त्या भिंतीवरून येत-जात राहिली. शालनचं दही बिघडलं की ती रिकामी वाटी भिंतीवर ठेवायची आणि तोंड फिरवून जिना उतरायची. वर येऊन बघावं तर वाटीत विरजण. सुगंधाचं बिघडलं की तिची वाटी यायची. दोघींमध्ये शब्द नाही की हसू नाही. विरजणाला कुणी कुणाला नाही म्हणत नाही, एवढं दोघींनाही कळत होतं. ते विरजण मुळात शालनच्या माहेरचं. लग्नात आईनं ताकाच्या बरणीतून पाठवलेलं, आणि आता गल्लीतल्या निम्म्या घरांतलं दही त्याच्याच वंशाचं होतं.

दोघी त्या दिवशी अस्लम जमादार या करसल्लागाराच्या कार्यालयात एकाच बाकावर, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून बसल्या.

“अहो, हिचा हात हिचा, माझा हात माझा,” शालन म्हणाली. “यंत्राला डोळं हायत का न्हाईत?”

“यंत्राला डोळे नाहीत, मावशी. नाक आहे,” जमादार म्हणाला. माणूस बरा होता. समजावून सांगायला त्याला आवडायचं, आणि फी त्यानंतर सांगायचा. “आपल्या कातडीवर जंतू राहतात. वाईट नव्हेत, भाडेकरू. कुणाच्या हातावर कोणती वस्ती, हे माणसागणिक वेगळं. तुम्ही दह्यात हात घातला की ती वस्ती दह्यात उतरते, तिथून मिरचीत. मिरची वाळली तरी ती मरत नाही, झोपी जाते. पार्सल गोदामात गेलं की यंत्र खोक्यात केसाएवढी सुई घालतं, आतली धूळ ओढतं आणि त्या जंतूंची जनुकं वाचतं. पूर्वी ह्याला प्रयोगशाळा लागायची. आता चहा निवायच्या आत होतं.”

“पण त्याला माझ्या हाताशी काय करायचंय?”

“तुमच्यासारख्या लहान विक्रेत्याला करात माफी आहे. मग लोकांनी काय केलं? एकाच कारखान्याचा माल बायकोच्या नावानं विकला, मेव्हणीच्या नावानं, मेलेल्या आत्याच्या नावानं. प्रत्येक नाव मर्यादेच्या आत. खाती वेगळी, फोन वेगळे. हात तेवढा एकच होता, म्हणून करखात्यानं हातच धरला.” तो जरा थांबला. “तुम्हा दोघींचं विरजण कुणाचं?”

दोघींचीही नजर आपापल्या हातांवर गेली. जमादारानं काय ते ओळखलं.

“एकच विरजण, त्यात रोज चार-चार तास हात. तुम्हा दोघींच्या हातांवर एकच वस्ती राहायला आलीय. यंत्राच्या लेखी तुम्ही दोन बायका नाहीच. एक बाई, दोन दुकानं. आणि ते शाबीत झालं तर मागचा कर, दंड, आणि वर हात बाद.”

‘हात बाद’ म्हणजे काय ते त्यानं सांगितलं तेव्हा शालनच्या तोंडचं पाणी पळालं. बाद झालेल्या हाताची छाप देशातल्या प्रत्येक गोदामात जाते. मग तो हात कुणाच्याही नावानं काहीही विको, मिरची, पापड, लोणचं, पार्सल तिथंच अडतं. जन्मभर. कर भरायला शालनची ना नव्हती. पण दोन्ही दुकानं मिळून मर्यादेच्या वर गेली की कारखान्याचा परवाना लागायचा, पोलादी टेबलं लागायची आणि हातमोजे सक्तीचे व्हायचे. हातमोजे घालून तिनं एकदा मिरच्या भरून बघितल्या होत्या. त्या आंबल्याच नाहीत, नुसत्या खारट झाल्या. तिच्याकडं विकण्यासारखा हात सोडून दुसरं काही नव्हतं.

सुनावणी सांगलीला झाली. अधिकारी भोकरे मॅडम वयानं लहान होत्या, थकलेल्या होत्या, आणि आवाज चढवत नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, “मूळ हात कुणाचा? म्हणजे हे सगळं सुरू कुणापासून झालं?”

जमादारानं दोघींनाही बजावलं होतं, ‘आठवत नाही’ म्हणायचं. पण सुगंधा उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती शालनच्या शेजारी उभी राहून पहिल्यांदाच बोलत होती.

“मूळ हात आमच्या अक्काचा, मॅडम. मी बोलत न्हाई तिच्याशी, पण खोटं कशाला सांगू? दही लावायला मला तिनंच शिकवलं. मिरची भरायची कशी, ती उन्हाला कवा द्यायची, सगळं तिचं. आमच्या आख्ख्या गल्लीत तिच्याच हातचं विरजण हाय. मी निस्ती तिची नक्कल केली.”

ती खाली बसली आणि तिनं शालनकडं बघितलं. त्या नजरेत माफी होती. इतक्या वर्षांनी, चार माणसांत, तिनं जावेला मोठेपणा दिला होता. भोकरे मॅडमची बोटं मात्र टंकत होती. ‘सहविक्रेतीच्या जबाबानुसार मूळ हात : शालन मोहिते. प्रशिक्षण, पद्धत व जिवाणू-स्रोत तिचाच. सहविक्रेती नामधारी.’ जमादारानं कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर शालननं मौन मोडलं. “सूड घेतलास व्हय गं, सुगंधे?”

“अक्का, मी तर तुझी...”

“गप. एक शब्द बोलू नगंस.”

आपण काय केलं हे सुगंधाला एस. टी. स्टँडवर पोचेपर्यंत कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ती मुसमुसून रडली. शालननं दुसऱ्या बाकावर बसून ते बघितलं. तिला दया आली, पण राग दयेपेक्षा मोठा होता.

आता एकच वाट उरली होती. कायद्यात विलगीकरणाची चाचणी होती. महिनाभर दोघींनी एकमेकींपासून लांब राहायचं. जुनं विरजण नष्ट करायचं, खात्यानं दिलेल्या साबणानं हात धुवायचे आणि पाकिटातल्या विरजणाचं दही लावायचं. दोन खरोखरच वेगळी माणसं असतील तर महिन्यात ज्याच्या त्याच्या हातावर ज्याची त्याची वस्ती परत येते. मग हाताचा नमुना घ्यायचा. वेगळा आला तर सुटका.

“पण शिवायचं नाही,” जमादारानं निक्षून सांगितलं. “भांडं नाही, फडकं नाही, हात तर मुळीच नाही. साधा हात धरलात तरी वस्ती पुन्हा एक होईल. दुसरी संधी नसते.”

“आमचं बोलणंच न्हाई, तर हात कोण धरतंय,” शालन म्हणाली.

आईच्या विरजणाचा सट, दह्याचं ते भांडं, तिनं स्वतः मोरीत रितं केलं. पांढरं पाणी जाळीतून खाली गेलं आणि ती तिथंच पाटावर बसून राहिली. आई गेली तेव्हा तिला एवढं रडू आलं नव्हतं. पाकिटातल्या विरजणाचं दही लागलं खरं, पण ते खाऊन ते दही आहे एवढंच कळायचं.

बातमी गल्लीत पसरली आणि गल्ली घाबरली. निम्म्या घरांत त्याच वंशाचं दही, आणि कुणाचं पापडाचं दुकान, तर कुणाचं शेवयांचं. भिंतींवरच्या वाट्या नाहीशा झाल्या. बायका पाटावर शेवया वळायला एकत्र बसेनात. बोराटेंच्या घरी बारसं झालं. पाळण्याभोवती बायका हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. गाणी म्हटली, पण पोराला कुणी उचललं नाही. बाळाची आजी चिडून म्हणाली, “आमच्या आज्ज्यांनी शिवाशिव मोडून काढली आन् तुमी ती मोबाइलातनं परत आणली.”

महिना सरत आला होता. भर दुपारची वेळ, गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली. शालन स्वतःपुरत्या चार मिरच्या उलटत होती. भिंतीपलीकडं ताट पडल्याचा आवाज झाला. तिनं लक्ष दिलं नाही. मग एक वेगळाच, घशातून फुटलेला आवाज आला आणि ती उठली.

सुगंधा फरशीवर आडवी पडली होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात अंगाखाली मुडपला होता, आणि ओठांच्या कडेनं ओकारी गळत होती. उघड्या पोटरीखाली ती जळती फरशी होती. डोळे मात्र उघडे होते.

“सुगंधा! ए सुगंधे!”

शालननं एकशे आठला फोन लावला. पत्ता सांगितला. गाडी निघतेय, म्हणाले. फोन ठेवला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे गेले होते. महिनाभराच्या सवयीनं ते आपणहून तिथं गेले, आणि ती ते तिथंच धरून राहिली. गाडी येईल आता. येईलच. चाचणी चार दिवसांवर आली होती. हात बाद झाला तर उद्या खायचं काय? हिच्या एका शब्दानं तर हे सगळं झालं. असं सगळं तिच्या मनात आलं, एकापाठोपाठ एक, आणि समोर सुगंधाची पोटरी लाल होत होती.

“कोण हाय का रं खाली? ए, या की वर कुणीतरी!” ती ओरडली. दुपारच्या झोपेतली गल्ली हलली नाही.

सुगंधाचा डावा हात उचलला गेला. तो मदत मागतोय असं शालनला वाटलं. पण पंजा उलटा होता. हवेत तो लटपटत दोनदा पुढं ढकलला गेला. लांब हो, असं तो हात सांगत होता. मला शिवू नकोस, असं सांगत होता.

शालनला स्वतःची एवढी किळस कधी वाटली नव्हती. ती भिंतीवर चढली, पलीकडं उतरली, आणि तिनं जावेला दोन्ही हातांनी उराशी ओढलं. तोंडातली ओकारी बोटांनी काढली. काखेत हात घालून तिला ओढत सावलीला नेलं, पदर ओला करून पोटरीवर घातला, आणि गाडी येईपर्यंत तिचा मुडपलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत चोळत राहिली. तो हात थंड होता. एवढ्या उन्हात थंड होता.

“धरलाय मी,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “धरलाय बघ मी. मरंना ते दुकान.”

अर्धांगाचा झटका होता, पण दवाखान्यात सुगंधा जगली. ओकारी फुप्फुसात गेल्यामुळं न्यूमोनिया झाला होता, तोही पुढं उतरला. शालन खाटेपाशी बसून राहायची. चाचणीचा दिवस आला तेव्हा जायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं, पण गैरहजर राहिलं की हात आपोआप बाद होतो, म्हणून जमादार येऊन तिला घेऊन गेला. सुगंधाच्या हाताचा नमुना दवाखान्यातच घेतला गेला.

“मॅडम, मी शिवले तिला,” शालननं चाचणी केंद्रात जाताच सांगून टाकलं. “चांगलं दोन्ही हातांनी शिवले. यंत्र लावायची पण गरज न्हाई. काय लिहायचं ते लिवा.”

भोकरे मॅडमनी तिच्याकडं बघितलं. “मला माणसाचं ऐकून लिहिता येत नाही आता, मावशी. यंत्राचं आलं की तेच लिहिते.”

यंत्राचं आलं. ‘दोन स्वतंत्र हात. साम्य नगण्य. दोन्ही खाती पूर्ववत.’

शालनला ते खरं वाटेना. जमादारानं बाहेर येऊन सांगितलं. “दवाखान्यात त्यांना केवढी कडक औषधं दिली. वर रोज जंतुनाशकानं अंग पुसणं. हातावरची सगळी वस्ती उठून गेली, मावशी. तुम्ही द्यायचं ते दिलंत, नर्सनं रोज पुसून काढलं. आता त्यांच्या हातावर तुमचं काही नाही. त्यांचंही काही नाही.” तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

सुगंधा घरी आली ती तोंड थोडं वाकडं, बोलणं जड आणि उजवा हात मांडीवर ठेवलेला घेऊन. तो ठेवला तिथंच राहायचा. तिचं दुकान मात्र सुरू झालं होतं. मोबाइलवर मागण्या येत होत्या, लोक ‘बरं वाटलं परत बघून’ असं लिहीत होते. पाठवलं नाही तर खातं गोठतं. गोठलं की औषधं बंद, आणि हाताला व्यायाम द्यायला येणारी बाईही बंद.

शालननं रीतसर वाट विचारून बघितली. “एक दुकान बंद करा, तुमच्या एकीच्या कमाईत दोघी राहा,” जमादार म्हणाला. “तेवढंच कायद्यात बसतं.” शालननं मनाशी हिशेब घातला. मर्यादेच्या आतलं एक दुकान एका बाईला जेमतेम पुरत होतं. तिनं मान डोलावली आणि ती घरी आली.

फडताळात मागं एक बरणी होती. गेल्या उन्हाळ्यातल्या, घरी खायला ठेवलेल्या मिरच्या. त्या आईच्या विरजणात भिजल्या होत्या आणि वाळल्या होत्या. वस्ती मरत नाही, झोपी जाते, हे जमादारानंच सांगितलं होतं. शालननं कोमट दुधात त्यातल्या मूठभर मिरच्या देठांसकट सोडल्या आणि दूध झाकून ठेवलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कडेला किंचित धरलं. तिनं ते पुन्हा नव्या दुधाला लावलं, मग पुन्हा, आणि एका सकाळी सट उघडल्यावर तो ओळखीचा आंबटसर वास आला. ती तिथंच पाटावर बसली आणि तिनं बोट बुडवून चाखलं. आईचंच होतं.

तिनं वाटी भरली आणि सवयीनं गच्चीवर नेऊन भिंतीवर ठेवली. जिना उतरायला लागली आणि मध्येच थांबली. पलीकडून वाटी उचलायला कुणाचाच हात नव्हता. ती परत वर गेली, तिनं वाटी उचलली, आणि या खेपेला खालून, रस्त्यानं, सुगंधाच्या दारातून आत गेली.

परातीत दही, शेजारी चिरलेल्या मिरच्या, मसाल्याचा वाडगा, आणि सुगंधाच्या नावाची चिकटपट्टी लावायची खोकी. शालन भरायला बसली. तिची बोटं भराभर चालत होती. सुगंधा खुर्चीतून बघत राहिली.

“अक्का,” ती जड जिभेनं म्हणाली. “ही तर... चोरीच की. एक हात... दोन दुकानं.”

“व्हय.”

“हात बाद... हुईल तुझा.”

“हुईल.”

शालन उठली. तिनं सुगंधाची खुर्ची परातीपाशी ओढली, तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि आपल्या हातासकट दह्यात बुडवला. सुगंधाची बोटं दह्यात नुसती पसरून राहिली. सुगंधाचाही हात दह्यात असला की यंत्राला दोन हात सापडतील, निदान काही दिवस. मग दोन्ही हातांवर पुन्हा एकच वस्ती होईल, आणि एखाद्या सकाळी मोबाइल वाजेल. हे शालनला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यापुढं काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

“पकडतील गं,” सुगंधा रडत म्हणाली.

“पकडू देत. या खेपेला खोटं तरी न्हाई पकडणार.”

तिनं सुगंधाचे डोळे आपल्या पदरानं पुसले. मग एक चिरलेली मिरची घेऊन तिच्या डाव्या हातात दिली, आणि ती उघडी धरायला सांगितली.